जामच्या घाटाची वाट

इंदुराहून महेश्वरास जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक मुंबई-आग्रा महामार्गाने मानपूर ओलांडून धामनोदपर्यंत आणि तेथून डावीकडे वळून जाणारा. दुसरा महूवरून जामच्या घाटाने मंडलेश्वरास उतरणारा. पहिला रुंद आहे, बराचसा सरळ आहे आणि मालमोटारींचा आहे. ज्यांस वेळेवर पोहोचावयाचे असेल त्यांनी त्याच मार्गाने जावे. दुसरा अरुंद, वळणावळणांचा. ज्यांस वाटेवरही काही काळ रेंगाळावयाचे आहे त्यांचा तो मार्ग. आमच्या घरातील मंडळी गेली पंचावन्न वर्षे या दुसऱ्याच मार्गाने महेश्वरास जात आली, आणि बहुतेक वेळा दुचाकीवरून गेली. याच वाटेने आम्हांस आयुष्यातील काही अत्यंत सुखाचे दिवस दिले आणि एक दिवस आमची हाडेही मोडली. आज या दोहोंविषयी लिहावयाचे आहे.

माळव्यातील आम्हां मराठी माणसांस महेश्वर म्हणजे केवळ तीर्थ नव्हे. मल्हारराव होळकरांच्या निधनानंतर, १७६७ साली राज्याचा भार अहिल्याबाईंकडे आला आणि त्यांनी आपला मुक्काम नर्मदाकाठच्या या गावी नेला. १७९५ साली त्यांनी देह ठेवला तोही येथेच. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदुरास गेली, आणि महेश्वर आपले घाट, आपली देवळे आणि आपले हातमाग घेऊन मागे राहिले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज ज्या दौलतीच्या चाकरीसाठी दक्षिणेतून इकडे आले, तिचे मूळ घर पाहावयाचे तर महेश्वरासच जावे लागते. घरात लग्नकार्य निघाले की महेश्वरी लुगडे आणावयाचे, मुंजीनंतर बटूला नर्मदास्नान घडवावयाचे, आणि कोजागरीचे दूध शक्य झाल्यास अहिल्या घाटावर प्यावयाचे, असा आमच्या घरचा परिपाठ होता.

महू सोडले की रस्ता दक्षिणेस वळतो. उजव्या हातास, दूरवर, जानापावचा डोंगर दिसतो. चंबळेचा उगम तेथला. त्या डोंगरावर पडलेले पाणी उत्तरेस चंबळेला, चंबळेतून यमुनेला आणि यमुनेतून गंगेला मिळते. आणि थोडे पुढे, जामच्या कड्यावरून ओघळलेले पाणी मात्र दक्षिणेस नर्मदेकडे धावते. एकाच ढगातला पाऊस, पण काही थेंब बंगालच्या उपसागरास जातात आणि काही खंबायतच्या आखातास. आमचे वडील, ज्यांस आम्ही भावंडे नाना म्हणत असू, हे आम्हांस दर खेपेस नव्याने सांगत, आणि आम्हीही दर खेपेस प्रथमच ऐकत असल्यासारखे ऐकत असू.

पठार जेथे एकाएकी संपते तेथे जामचा दरवाजा उभा आहे. अहिल्याबाईंनी तो १७९१ साली बांधविला. माळव्याच्या कड्यावरची ही दगडी वेस. तिच्या कमानीखालून एक पाऊल पुढे टाकले की माळवा मागे राहतो आणि खाली निमाड पसरलेले दिसते. पावसाळ्यात तेथे ढग पायांखाली असतात. आश्विनात आकाश निवळले म्हणजे डोंगरांच्या एकामागे एक अशा निळसर रांगा दिसतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास, तर महेश्वर त्याहून सुमारे चारशे मीटर खाली. त्यामुळे घाट उतरताना हवा पायरीपायरीने ऊन होत जाते. उघड्या वाहनावर बसलेल्यासच हा पालट अंगाने कळतो. आज दरवाजापाशी सुट्टीच्या दिवशी तरुणांची गर्दी असते, भाजलेली कणसे आणि चहा विकणाऱ्यांच्या टपऱ्या असतात. आमच्या लहानपणी तेथे वारा आणि माकडे याखेरीज कोणी नसे.

नानांनी १९६८ साली जावा मोटारसायकल घेतली. म्हैसूरच्या कारखान्यात तयार झालेली, गडद तांबड्या रंगाची, टाकीच्या दोन्ही अंगांस चकचकीत पत्रा असलेली. किक मारावयाचा दांडा आणि गिअर बदलावयाचा दांडा एकच, ही तिची मौज. पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालावे लागे. ते माप नाना स्वतः पाहत, पंपावरच्या माणसावर सोडीत नसत. त्या काळी दूधवाल्यांकडे राजदूत असे, महूच्या लष्करी मंडळींकडे बुलेट असे, आणि आमच्या गल्लीत जावा एकच होती. तिचा आवाज वळणावरून ऐकू आला की आई चहाचे आधण ठेवी.

या वाहनावर आम्ही चौघे बसत असू. धाकटी बहीण टाकीवर, तिच्यामागे नाना, नानांच्या पाठीस चिकटून आम्ही, आणि सर्वांत मागे आई, एका अंगाला पाय सोडून, पदर घट्ट खोचून, मांडीवर डब्यांची टोपली घेऊन. मागच्या चाकास लुगडे अडकू नये म्हणून लोखंडी जाळी बसविलेली होती. आई टोपली नेहमी उजव्या हाताने सांभाळी. डाव्या हाताने तिला फारसे जड उचलवत नसे. तिचे ते मनगट किंचित वाकडे होते आणि ते जन्मतःच तसे असावे, अशी आमची समजूत होती. कोणाच्याच डोक्यावर शिरस्त्राण नसे. त्या काळी ते वापरण्याची रीत नव्हती, आणि आजच्या कायद्याने तर चौघांची अशी स्वारी पहिल्याच चौकात अडविली गेली असती. ते योग्यच आहे.

नाना गाडी सावकाश चालवीत. काटा चाळिसाच्या पलीकडे गेलेला आम्ही कधी पाहिला नाही. घाट उतरताना पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळू देणारे पुष्कळ होते; नाना मात्र गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवूनच उतरवीत, म्हणजे इंजिनच तिला मागे धरून ठेवी आणि ब्रेक तापत नसत. १९७३ च्या अखेरीस जगभर तेल महागले आणि पेट्रोलचे भाव कडाडले, तेव्हा आमच्या फेऱ्या वर्षातून चारांच्या दोन झाल्या. पण कोजागरीची फेरी चुकली नाही.

या प्रवासात एक थांबा ठरलेला असे. घाट उतरून झाल्यावर, सपाटी लागण्यापूर्वी, एका ओढ्यावर दगडी मोरी आहे. तिच्या अलीकडे नाना गाडी उभी करीत, सर्वांस खाली उतरवीत आणि म्हणत, “इंजिन जरा गार होऊ द्या.” आम्ही ओढ्यात खडे टाकीत असू. आई मोरीच्या कठड्यावर बसे आणि त्या थांब्यावर ती फारसे बोलत नसे. मग नाना गाडी हाताने ढकलीत मोरीपार नेत, आम्ही मागून चालत जात असू, आणि पलीकडे पुन्हा सारे गाडीवर बसत असू. इंजिन गार करावयाचे तर गाडी ढकलीत का न्यावयाची, हा प्रश्न आम्हांस त्या वयात पडला नाही आणि पुढे विचारावयाचे राहून गेले.

महेश्वरास पोहोचेपर्यंत ऊन कलते. धर्मशाळेत सामान टाकून सारे घाटावर. नर्मदेचे पात्र तेथे विस्तीर्ण आहे, आणि पाण्याच्या मधोमध बाणेश्वराचे छोटे देऊळ उभे आहे. किल्ल्याची भिंत मागे, घाटाच्या पायऱ्या खाली, पायऱ्यांवर परिक्रमेस निघालेले दोघेचौघे, आणि येणाराजाणारा एकमेकांस “नर्मदे हर” म्हणणारा. चंद्र वर आला की आई पितळी पातेल्यात दूध आटवावयास ठेवी. केशर असेलच असे नव्हे. वेलदोडा मात्र असे. नाना त्या रात्री आम्हांस गोष्टी सांगत नसत. नुसते पाण्याकडे पाहत बसत, आणि आम्ही त्यांच्या मांडीवर डोके ठेवून झोपी जात असू.

पुढे बहीण लग्न होऊन बडोद्यास गेली, आम्ही नोकरीस लागलो, घरात सौ. आल्या, मुलगी झाली. जावाचे सुटे भाग मिळेनासे झाले. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला. गाडी वाड्याच्या चौकात ताडपत्रीखाली गेली. नाना २००९ साली गेले. आम्ही मात्र नव्या मोटारसायकलवरून सौ.ना मागे बसवून महेश्वरास जात राहिलो. मुलगी लहान असताना ती मध्ये बसे. पुढे ती पुण्यास नोकरीस गेली आणि आम्ही दोघेच उरलो.

त्या वर्षांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे शेतही पालटले होते. नानांच्या काळी माळव्यातील काळी जमीन पावसाळ्यात पुष्कळ ठिकाणी पडीक ठेवीत आणि हिवाळ्यात तीत गहू पेरीत. १९७० नंतर सोयाबीन आले आणि दोन-तीन दशकांत सारा माळवा त्याने व्यापला. १९८७ साली सोयाबीनच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही इंदुरासच स्थापन झाले. शेतकऱ्याच्या हाती पावसाळ्यातही पैसा खेळू लागला. पण पूर्वी गावोगाव असलेली सारवलेली खळी मात्र नाहीशी झाली. तेव्हा ऐन दसरा-कोजागरीच्या दिवसांत कापलेले पीक डांबरी रस्त्यावर पसरावयाचे, म्हणजे ते उन्हाने वाळते आणि येणाऱ्याजाणाऱ्या वाहनांच्या चाकांखाली आपोआप मळलेही जाते, अशी एक नवी वहिवाट पडली.

९ ऑक्टोबर २०२२ रोजी, रविवारी, कोजागरी होती. आम्ही दोघे सकाळी पोहे-जिलेबी खाऊन निघालो. जामच्या अलीकडे एका गावाबाहेर रस्त्याला हलके वळण आहे. वळणापलीकडे अर्धा रस्ता सोयाबीनने झाकलेला होता, आणि समोरून येणाऱ्या बसने उरलेला अर्धा व्यापला होता. वेग चाळिसाच्या आतच होता. मोटारसायकल रस्त्याला धरून असते ती तळहाताएवढ्या दोन ठिपक्यांनी. त्या ठिपक्यांखाली डांबराऐवजी गोल, टणक, घोटीव दाणे आले की चाक जणू छर्‍यांवर चढते. ब्रेक लावला तरी घसरते, न लावला तरी घसरते. पुढचे चाक आडवे गेले. त्यानंतर आकाश, मग डांबर, मग पुन्हा आकाश एवढेच आठवते. बस पुढे निघून गेली.

आम्हांस प्रथम ऐकू आले ते सौ.चे बोलणे. “अहो, मी बोलतेय ते ऐकू येतंय का?” असे त्या पुनःपुन्हा विचारीत होत्या. ऐकू येत होते; उत्तर देण्यास श्वास मिळत नव्हता. मग चारदोन माणसे धावत आली. त्यांत सर्वांत पुढे एक पन्नाशीचा, डोक्यास पंचा गुंडाळलेला शेतकरी होता. कोणी आमचे हेल्मेट ओढून काढू लागला, कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने दोघांसही अडविले. “घबराओ मती,” एवढेच तो आम्हांस म्हणाला. मानेस धक्का लागू नये म्हणून त्याने आमचे डोके दोन्ही हातांनी तसेच धरून ठेवले, घरून खाट मागविली आणि १०८ ची गाडी येईपर्यंत सौ.च्या डोक्यावर आपल्या बायकोस पदराची सावली धरावयास लावली. ते सोयाबीन त्याचेच होते, हे आम्हांस नंतर कळले. त्याला तेथून निघून जाता आले असते. तो गेला नाही.

आमच्या उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली होती आणि सौ.चे खांद्याजवळचे हाड. महूस प्रथमोपचार झाले, इंदुरास शस्त्रक्रिया. नडगीत सळई घातली गेली. डॉक्टरांनी आमचे हेल्मेट मागवून घेतले आणि आम्हांस दाखविले. डाव्या कानाच्या वर कवच तडकले होते आणि आतला थर्माकोलसारखा थर चेपला गेला होता. तो थर एकदाच चेपला जाण्यासाठी असतो. डोक्यास बसावयाचा हादरा तो स्वतःच्या अंगावर घेतो, आणि म्हणूनच एकदा आपटलेले हेल्मेट, वरून कितीही धड दिसले तरी, पुन्हा वापरावयाचे नसते. सौ.चे हेल्मेट तडकले नव्हते, पण त्याच्या मागील बाजूस डांबराचे ओरखडे होते. ते ओरखडे पाहून आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

पुढे सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण त्यात होते. जखमींचा आकडा ४,४३,३६६. या शेवटच्या आकड्यात आम्ही दोघे आहोत. हे आकडे वाचताना आम्ही कोणत्या रकान्यात असू शकलो असतो, हा विचार मनातून जात नसे.

त्या चार महिन्यांत एक विलक्षण गोष्ट घडली. दिवसा डोळे मिटले की घसरणारे चाक दिसे. पण रात्री, वेदनाशामक औषधाच्या गुंगीत, ती सारी जुनी वाट दिसे. टाकीवर बसलेल्या बहिणीच्या वेण्या, नानांच्या सदऱ्याचा पेट्रोल आणि तंबाखू यांचा मिश्र वास, मागून येणारा आईच्या बांगड्यांचा आवाज. ज्या वाटेने पाय मोडला, त्याच वाटेच्या आठवणीने झोप लागे. सौ.चे मात्र उलट झाले. त्यांचे हाड आमच्याआधी जुळले, पण रस्त्यावरून मोटारसायकलचा आवाज आला की त्या हातातले काम थांबवून उभ्या राहत. एके दिवशी त्यांनी शांतपणे सांगितले, “या घरात आता दुचाकी नको. आणि चौकातली ती जावाही कोणाला तरी देऊन टाका. ती दिसली की मला तो रस्ता दिसतो.”

आम्ही होकार दिला. ज्या स्त्रीने तीस वर्षे आमच्या पाठीमागे विश्वासाने बसून प्रवास केला, तिच्या भयापुढे आमच्या आठवणींचे मोल ते काय? मोडक्या मोटारसायकलचा व्यवहार झाला. जावासाठी जुन्या गाड्यांचा एक शौकीन उज्जैनीहून येऊन पाहून गेला आणि किंमतही बरी सांगून गेला. तेवढ्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. “बाबा, विकू नका. ती मला द्या.” सौ.नी फोन ठेवला आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. घरात दोन पक्ष पडले. आई, वय वर्षे ब्याऐंशी, कोणत्याच पक्षात बोलली नाही. तिने एवढेच म्हटले, “आधी मला एकदा महेश्वरास नेऊन आणा. मग काय विकायचं ते विका.”

२०२३ च्या कोजागरीस जाणे झाले नाही. आम्ही काठी टेकून चालत होतो आणि त्या रात्री चंद्रग्रहणही होते. २०२४ साली मात्र, १६ ऑक्टोबरास, आम्ही मोटारीने निघालो. मुलगी रजा घेऊन आली होती आणि गाडी तीच चालवीत होती. आई पुढे तिच्या शेजारी, आम्ही दोघे मागे. धामनोदमार्गे जावे असे सौ.चे म्हणणे होते. आईने जामचा घाट असे सांगितले आणि मग कोणी वाद घातला नाही.

त्या गावाबाहेर सौ.नीच गाडी थांबवावयास सांगितली. त्या उतरल्या, वळणापासून दोनशे पावले पुढे चालत गेल्या आणि परत आल्या. रस्ता मोकळा होता. तेवढ्यात तो शेतकरी आलाच. त्याने आमची विचारपूस केली, आमचा पाय पाहिला, सौ.ना खांदा वर करून दाखवावयास सांगितले. त्या वर्षापासून त्याने पीक रस्त्यावर टाकणे सोडले आहे. शेताच्या कडेस ताडपत्री पसरतो आणि मळणीयंत्र भाड्याने आणतो. खर्च वाढला, पण रात्री झोप लागते, असे तो म्हणाला. पुढच्याच गावात मात्र नेहमीप्रमाणे अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत होते. एका माणसास आलेले शहाणपण दुसऱ्या गावापर्यंत आपल्या पायांनी चालत जात नाही. मुलीने वेग कमी केला आणि आम्ही सारे गप्प बसलो.

घाट उतरून झाल्यावर ती मोरी आली. “इथे थांब,” आई नातीस म्हणाली. आम्ही तिला धरून कठड्याशी नेले. तेथे बसून तिने जे सांगितले ते आम्ही साठाव्या वर्षी प्रथमच ऐकले.

१९६९ च्या पावसाळ्यात, गाडी घेऊन वर्ष झाले असेल, नाना आणि आई दोघेच महेश्वराहून परत येत होते. ओढ्याचे पाणी आदल्या रात्री मोरीवरून गेले होते आणि मागे शेवाळलेला गाळ ठेवून गेले होते. जावा त्यावर आडवी झाली. नानांच्या बरगड्यांस मार बसला आणि आईचे डावे मनगट मोडले. ते हाडवैद्याने बसविले आणि किंचित वाकडे बसले. त्या वेळी आम्ही पाच वर्षांचे होतो, आजीपाशी होतो, आणि आई दोन महिने देवासला माहेरी गेली आहे एवढेच आम्हांस सांगण्यात आले होते. नानांनी तेव्हा गाडी विकावयास काढली होती.

“मग विकली का नाही?” सौ.नी विचारले.

आई हसली. “मीच नको म्हटलं. म्हटलं, भीती वाटते तर वाटू दे, पण ती घरी बसून वाढवायची नाही. हळू चालवा. आणि या जागी मात्र मी गाडीवरून जाणार नाही, चालत जाईन. तेवढं त्यांनी आयुष्यभर पाळलं.”

म्हणजे इंजिन गार करण्यासाठी तो थांबा कधीच नव्हता. नानांचा तो चाळिसाच्या आतला वेग, ती खालच्या गिअरची शिस्त, मोरीवरून गाडी ढकलीत नेणे, हे सारे आम्ही त्यांचा स्वभाव समजत आलो होतो. तो एका पडण्यानंतर पत्नीशी झालेला करार होता. आणि ज्या सहली आम्ही निर्भय बालपणाच्या म्हणून उराशी बाळगल्या, त्या प्रत्येक सहलीत मागे बसलेली आमची आई आपले भय टोपलीसारखे मांडीवर घेऊन बसली होती. तिने ते आमच्यापर्यंत पोहोचू दिले नाही. सौ.नी त्या वेळी काही म्हटले नाही. मोरी त्यांनी आईचा हात धरून चालत ओलांडली, आणि मोटार मागून आली.

त्या रात्री घाटावर दूध आटविले. बाणेश्वरावर चांदणे होते, पाण्यात नावांचे दिवे होते, आणि परिक्रमेस निघालेल्या एका वृद्ध दांपत्यास आम्ही दुधाची वाटी दिली. ते पायी चालत आलेले, आणि बोलण्यावरून सोलापूरकडचे. आईने वाटी दोन्ही हातांत धरली होती.

जावा विकली गेली नाही. महूच्या एका वृद्ध मिस्त्रीने तिचे इंजिन उघडले असून सुटे भाग हळूहळू जमत आहेत. सौ.नी आपल्या अटी लेखी दिल्या आहेत आणि त्या स्वयंपाकघराच्या दाराच्या आतील बाजूस चिकटविल्या आहेत. दोघांपेक्षा अधिक माणसे बसावयाची नाहीत. भारतीय मानकाचा शिक्का असलेली हेल्मेटे, पट्टा आवळून, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जावयाचे असले तरीही. अंधार पडल्यावर घाट नाही. कापणीच्या दिवसांत प्रत्येक गावाआधी वेग विसावर. आणि मोरीवरून चालत. मुलीने खाली सही केली आहे. स्वतः सौ. अद्याप मोटारसायकलवर बसलेल्या नाहीत. बसतील की नाही, हे आम्ही विचारीत नाही. त्यांनी दोन हेल्मेटे विकत आणली, त्यांतील एक त्यांच्या मापाचे आहे, एवढे आम्ही पाहिले आहे.

आपल्यापैकी कोणी या वाटेने जाणार असतील त्यांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. भाद्रपद सरता सरता सोयाबीनची कापणी सुरू होते; तेव्हापासून दिवाळीपर्यंत वळणापलीकडे डांबरच असेल असे गृहीत धरू नये. आणि वाटेत कोणी पडलेले दिसले तर थांबावे. मदत करणाऱ्यास चौकशीच्या फेऱ्यांत अडकावे लागेल ही जुनी भीती आता उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा माणसास संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातही आले. जखमीस ओढू नये, पाणी पाजू नये, मान हलू देऊ नये, १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत जवळ बसावे. जामच्या दरवाजातून खाली पाहण्याचा आनंद मोठा आहे. तो घेऊन सर्वांनी सुखरूप घरी परतावे.